"माझ्या अंगाला खोटं सोसत नाही" म्हणजे नेमकं काय होतं?

आमच्या नात्यातल्या एका काकूंचं वाक्य ठरलेलं असायचं. लग्नकार्यात कुणी त्यांच्या कानातल्यांकडे नुसतं पाहिलं तरी त्या म्हणायच्या, "काय करू बाई, माझ्या अंगाला खोटं सोसतच नाही." त्यात तक्रारही असायची आणि तोराही. आम्ही पोरी एकमेकींना कोपर मारून हसायचो. पुढे एका मे महिन्यात भावाच्या लग्नात मी दिवसभर एक ग्रॅमची ठुशी घातली. तिसऱ्या दिवशी गळ्याभोवती हुबेहूब ठुशीच्याच आकाराचं पुरळ उठलं, मणी मोजून घ्यावेत असं. तेव्हापासून मी काकूंना हसत नाही.

आता हा विषय काढायचं कारण सराफकट्ट्यावर आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा आकडा गाठला आणि त्याच वर्षी जुलैत ९ कॅरेटच्या दागिन्यांनाही हॉलमार्क मिळू लागला. बावीस कॅरेटची सवय असलेली घरं आता अठरा, चौदा, नऊ असे आकडे विचारतायत, नाहीतर सरळ मुलाम्याच्या दागिन्यांकडे वळतायत. शिवाय कित्येक जणींचं खरं मंगळसूत्र लॉकरमध्ये असतं आणि लोकलच्या गर्दीत गळ्यात असतं ते खोटं. साहजिकच कान चिघळणं, मान खाजणं, मनगट काळवंडणं याच्या तक्रारी घरोघरी ऐकू येतात. आणि त्यावर "तुझी स्किनच सेन्सिटिव्ह" असं म्हणून विषय संपवला जातो.

चकवा धातू

बहुतेक वेळा गुन्हेगार एकच असतो, निकेल. धातूंच्या अ‍ॅलर्जीत याचा नंबर पहिला. त्याच्या मागोमाग कोबाल्ट आणि क्रोमियम येतात. (क्रोमियमचा त्रास दागिन्यांपेक्षा सिमेंटमध्ये हात घालणाऱ्या गवंड्यांना आणि चामड्याच्या चपलांनी पायांना जास्त होतो.)

निकेलच्या नावाची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. जर्मनीतल्या खाणकामगारांना एक तांबूस खनिज सापडायचं. तांबं असेल म्हणून ते वितळवावं, तर तांबं निघायचंच नाही. कोकणात रात्री वाट चुकवणारा चकवा असतो तसा खाणीतला कुणी खट्याळ भुतोबा हे करतो, असं ठरवून त्यांनी खनिजाला 'कुप्फरनिकेल', म्हणजे तांब्यातलं भूत, असं नाव दिलं. १७५१ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट या रसायनशास्त्रज्ञाने त्यातून वेगळाच पांढरा धातू काढला आणि त्याला भुताचं नाव चिकटलं ते चिकटलंच.

हा धातू स्वस्त, कडक आणि चकचकीत. त्याला गंज चढत नाही. त्यामुळे तो कुठेही सापडतो. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदीचा कणही नसतो, ते तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण असतं. कॉलेजच्या मुली घालतात त्या काळपट 'ऑक्सिडाइज्ड' झुमक्यांखाली पुष्कळदा हेच असतं. एक ग्रॅमच्या दागिन्यात आत तांबं किंवा पितळ आणि वर सोन्याचा मुलामा असतो. या दोघांच्या मध्ये पुष्कळदा निकेलचा थर देतात, नाहीतर तांबं हळूहळू सोन्यात झिरपून दागिना काळा पडतो. म्हणजे सोन्याच्या त्या पातळ थराच्या लगेच खाली निकेल दबा धरून बसलेलं असतं.

कल्हई उडालेलं पातेलं

पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं. म्हणून आतून कल्हई करायची. कल्हई शाबूत आहे तोवर ताकाला पितळेचा पत्ताच लागत नाही. घासून घासून ती उडाली, की तेच पातेलं आणि तेच ताक पोटात गडबड करतं.

दागिन्याचंही असंच आहे. मुलामा ही कल्हई आणि घाम हे ताक. घामात मीठ असतं, थोडं आम्ल असतं. उघड्या पडलेल्या निकेलला ते विरघळवतं आणि त्याचे बारीक कण कातडीत मुरतात. म्हणून नवा दागिना पहिले काही महिने गुणी असतो आणि नंतर बिघडतो. मुलामा आधी उडतो तोही घर्षण होतं तिथे, म्हणजे गळ्यातल्याच्या आकडीवर, बांगडीच्या आतल्या बाजूला, कानातल्याच्या दांडीवर. मे महिन्यात मुंबईत जे कानातलं छळतं, तेच डिसेंबरात पुण्यात मुकाट राहतं. ते घामामुळे.

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा: दागिन्यात निकेल *किती आहे* यापेक्षा त्यातून ते *किती सुटतं* याला महत्त्व आहे. बरणीत लोणचं किती आहे याने कपाट खराब होत नाही. झाकण गळकं असेल तर होतं.

बिब्बा आणि रंगपंचमी

बिब्बा उतलेला माणूस ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं पटकन कळेल. बिब्ब्याचं तेल लागतं एका दिवशी आणि पुरळ, फोड उठतात एक-दोन दिवसांनी. कुणाला भयंकर उततो, तर कुणी रोज हाताळूनही ठणठणीत असतो. निकेलची अ‍ॅलर्जी याच जातकुळीची आहे. डॉक्टर तिला कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणतात, म्हणजे स्पर्शामुळे होणारा त्वचादाह. कोळंबी खाल्ल्यावर तासाभरात ओठ सुजतात ती अ‍ॅलर्जी वेगळी. ही सावकाश येते, साधारण एक ते तीन दिवसांनी. म्हणूनच तर चोर सापडत नाही. शनिवारी लग्नात घातलेल्या हाराचा राग सोमवारी नव्या साबणावर निघतो.

पण एवढासा धातू शरीराला शत्रू का वाटावा? निकेलचा कण इतका सूक्ष्म असतो की एकट्याने तो कुणाच्या डोळ्यावरही येत नाही. तो आपल्या त्वचेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो आणि त्यांचं रूप बदलतो. रंगपंचमीला तोंड रंगवून धनी घरी आला तर घरचंच कुत्रं त्याच्यावर भुंकतं ना, तसं होतं. राखणीला असलेल्या पेशी आपल्याच प्रथिनांवर धावून जातात. खाज, सूज, बारीक पाण्याचे फोड हा सगळा त्या झटापटीचा पसारा.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. परदेशी माहितीत "लाल चट्टा" असं लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीवर लाली धड दिसतच नाही. आपल्याकडे जागा करडी, तपकिरी, काळपट होते, जाड होते, खरखरीत लागते. "मान काळी पडली, नीट घासत नाही वाटतं" असं म्हणून पोरींना दगडाने मान घासायला लावणाऱ्या आया मी पाहिल्यात.

"इतकी वर्षं तर घालत होते की!"

ही शंका सगळ्यांची. उत्तर असं, की पहिल्या भेटीत राखणदार पेशी फक्त ओळख पटवतात. त्याला किमान दहा-पंधरा दिवस लागतात, आणि कित्येकदा वर्षं. तोवर बाहेर काही दिसत नाही. एकदा ओळख पक्की झाली की काही पेशी ती आठवण बहुधा जन्मभर जपतात. पुढच्या प्रत्येक वेळी मग थोडं निकेलही पुरतं. त्यामुळे विशीत चाललेलं चाळिशीत चालेनासं होतं, आणि त्यात नवल काही नाही.

"सवय होईल, घालत राहा" हा सल्ला म्हणूनच उलटा आहे. घालत राहिल्याने सवय होत नाही, चीड वाढते. औषधाने पुरळ बसतं, पेशींची आठवण पुसली जात नाही.

ही ओळख होण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे कानाचं ताजं भोक. तिथे वरची कातडी नसते आणि ओली जखम धातूला चिकटून असते. बायकांमध्ये हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त दिसतो, त्याचं मोठं कारण हेच. नाजूकपणाचा त्यात काही संबंध नाही.

सगळीच खाज अ‍ॅलर्जीची नसते

अंगठीखालची कातडी सोलवटली की पहिला संशय सोन्यावर येतो. बऱ्याचदा तिथे भांड्यांच्या साबणाचं पाणी अडकून कातडी नुसती पोळलेली असते. तसंच जोडव्यांखाली ओल राहून बोटांच्या बेचक्यात होतात त्या चिखल्या, म्हणजे बुरशी. तांब्याच्या कड्याने मनगटावर उमटणारा हिरवा डाग आणि चांदीमुळे पडणारा काळा डाग हे धातूवरचे क्षार असतात. धुतलं की गेले. खाज नसेल तर काळजी नको. टिकलीच्या जागी पांढरा डाग पडत असेल तर त्यात बहुधा मागच्या चिकटद्रव्यातलं रसायन दोषी असतं. तिथे टिकली लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवायला हवं. आणि कान टोचल्यानंतर तिथे कडक गाठ वाढत गेली, तर तो जखमेचा व्रणच वाढत चाललेला असू शकतो. डॉक्टर त्याला केलॉइड म्हणतात.

उलट जिथे दागिना नाही तिथे निकेल सापडतं. बेंबीच्या खाली रुपयाएवढा खाजरा चट्टा असेल तर जीन्सचं बटण किंवा पट्ट्याचं बक्कल तपासा. पुरुषांत आणि शाळकरी मुलांत ही जागा फार नेमकी खूण देते. याशिवाय घड्याळाची मागची बाजू, चष्म्याची काडी, ब्राचा हूक, केसांचे चाप, निऱ्यांना लावलेली पिन.

"मग खरं सोनं घ्या, झालं!"

अर्धं बरोबर आहे. बावीस कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं आणि उरलेल्यात प्रामुख्याने चांदी आणि तांबं. आपल्या पिवळ्याधमक दागिन्यांचा त्रास क्वचित होतो तो यामुळे. काकूंचं म्हणणं खरंच होतं, तोऱ्याचा भाग सोडला तर. खुद्द सोन्याची अ‍ॅलर्जी असणारे लोक असतात, पण विरळा.

गडबड आकडा उतरतो तिथे सुरू होते. अठरा कॅरेटमध्ये पाव हिस्सा इतर धातूंचा असतो आणि नऊ कॅरेटमध्ये तर तब्बल ६२.५ टक्के. त्या उरलेल्या हिश्श्यात काय आहे हे हॉलमार्क सांगत नाही. तो फक्त सोन्याची शुद्धता सांगतो. पिवळ्या नऊ कॅरेटमध्ये तांबं, चांदी, जस्त असेल तर निकेलवाल्यांना अडचण नाही. पण 'व्हाइट गोल्ड' दिसलं की थांबा. सोन्याला पांढरं करायला निकेल किंवा पॅलेडियम घालतात आणि वर ऱ्होडियमचा चकचकीत थर देतात. तो थर काही वर्षांत झिजतो. हिऱ्याच्या महागड्या अंगठीने बोट खाजायला लागतं ते असं. निकेलला किंमत कळत नाही.

जाता जाता, 'केडीएम' हा शब्दही इथे गोंधळ घालतो. तो डाख देण्याच्या, म्हणजे दागिन्याचे तुकडे वितळत्या धातूने जोडण्याच्या पद्धतीबद्दल आहे, त्या डाखात कॅडमियम असायचं. त्याची वाफ कारागिरांच्या फुफ्फुसात जायची म्हणून ती पद्धत नाकारली गेली. ग्राहकाच्या कानाचा त्याच्याशी संबंध नाही.

चांदीत ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं बहुधा तांबं असेल तर ती साधारण सोसते. चांदी म्हणून जर्मन सिल्व्हर गळ्यात मारलं गेलं तर मात्र पंचाईत.

"पाकिटावर 'निकेल-फ्री' लिहिलंय की"

लिहिलेलं असतं. पण आपल्याकडे दागिन्यातून किती निकेल सुटावं यावर युरोपसारखी सक्तीची मर्यादा नाही, त्यामुळे त्या दोन शब्दांमागे प्रत्येक विक्रेत्याचा अर्थ वेगळा.

युरोपने हे कसं सोडवलं ते बघण्यासारखं आहे. आधी डेन्मार्कने नियम केला आणि १९९४ मध्ये युरोपीय संघाने आदेश काढला. त्यांनी धातूत किती निकेल आहे यापेक्षा किती सुटतं यावर भर दिला. दागिना आठवडाभर कृत्रिम घामात बुडवून ठेवायचा आणि मग घामात उतरलेलं निकेल मोजायचं. अंगाला लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सुटता कामा नये, आणि टोचलेल्या भोकात घालायच्या वस्तूला पुढे मर्यादा आणखी कडक ठरली, ०.२. नियमानंतर कान टोचलेल्या डॅनिश मुलींमध्ये या अ‍ॅलर्जीचं प्रमाण आधीच्या मुलींपेक्षा बरंच कमी आढळलं.

स्टीलचं कोडंही याच हिशेबाने सुटतं. ३१६एल जातीच्या स्टीलमध्ये दहा टक्क्यांच्या वर निकेल असतं, तरी ते बहुतेकांना चालतं. कारण त्याच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचं एक अदृश्य आवरण असतं आणि ओरखडा पडला तर ते आपोआप पुन्हा तयार होतं. मुलाम्यात हा गुण नाही. तरीही ज्यांची अ‍ॅलर्जी तीव्र आहे किंवा भोक ताजं आहे, त्यांनी स्टीलवर विसंबू नये असं माझं मत.

घरी तपासायचं तर 'निकेल स्पॉट टेस्ट'चे संच ऑनलाइन मिळतात. कापसाच्या काडीवर डायमिथाइलग्लायॉक्सिम आणि अमोनियाचे थेंब घेऊन दागिन्यावर घासायचं. काडी गुलाबी झाली तर निकेल सुटतंय. नाही झाली तर आज सुटत नाहीये एवढाच अर्थ. मुलामा उडाल्यावर पुन्हा बघावं लागतं.

खात्री पाठीवर होते

रक्ताच्या तपासणीने किंवा हातावर सुई टोचून करतात त्या चाचणीने ही अ‍ॅलर्जी ओळखायची नसते. त्यासाठी पॅच टेस्ट असते. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर छोट्या चकत्यांमधून वेगवेगळे पदार्थ चिकटवतात, त्यात निकेल सल्फेटही असतं. दोन दिवसांनी चकत्या काढतात, तेव्हा एकदा आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाठ तपासतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम गाळायचा नाही. त्यामुळे ही चाचणी मे महिन्यात मागायच्या फंदात पडू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, नाहीतर निकाल फसतो.

त्याआधी मेडिकलमधून "खाजेची ट्यूब" आणून चोळणं बंद करा. त्यातल्या पुष्कळ ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक यांची मिसळ असते. चार दिवस बरं वाटतं. मग कातडी पातळ होते, आणि खरं दुखणं बुरशीचं असेल तर ते आतल्या आत पसरतं.

डॉक्टरांकडे गेलातच तर दातांच्या तारा किंवा हाडात पट्टी बसवायची वेळ येईल तेव्हा ही अ‍ॅलर्जी आठवणीने सांगायची, हेही लिहून घ्या. बहुतेकांना अडचण येत नाही, पण निवड आधी करता येते. काजू, चॉकलेट, डाळी यांत निकेल असतं हे वाचून जेवण मात्र सोडू नका. तो विचार फार थोड्यांसाठी, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मग घालायचं तरी काय?

घालायला पुष्कळ आहे. काचेच्या बांगड्या बेलाशक भरा. काळे मणीही काचेचेच असतात, त्रास देते ती त्यांच्यामधली तार आणि मागची आकडी. म्हणून रोजच्या वापराला दोऱ्यात ओवलेली काळी पोत आणि तिला गुंजभर सोन्याच्या वाट्या हा जुना मार्ग उत्तम. मोत्यांचे, पोवळ्यांचे सर पटवेकऱ्याकडून रेशमात गाठवून घेतले आणि मागे गोंडा ठेवला की मानेला धातू लागतच नाही. टायटॅनियम, नायोबियम आणि प्लॅटिनम हेही निर्धोक. नथीला तार सोन्याची हवी. दाबाची नथ तर नाकपुडीला घट्ट चिमटून बसते, तेव्हा खोट्या तारेची तासाभराच्या वर नको.

आणि माझा सगळ्यात लाडका उपाय: झुमका खोटाच ठेवायचा, फक्त कानात जाणारी दांडी आणि मागची फिरकी सोन्याची करून घ्यायची. पेढीवरचे लोक आधी नाक मुरडतात, पण दुरुस्तीचं काम करणारे सोनार करून देतात. सोनं लागतं चिमूटभर. मी तीन जोड असे करून घेतलेत आणि ते निवांत घालते. फक्त झुमका इतका मोठा नको की मानेला घासेल.

एखादं खोटं घालावंच लागलं तर आतल्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात द्या. ते थोडे दिवस टिकतं, पुन्हा लावावं लागतं. कार्य उरकलं की दागिना लगेच उतरवा, घाम पुसा, आणि दागिना घालून झोपू नका.

सोनाराने कान टोचले तर

ही म्हण आपण भलत्याच अर्थाने वापरतो, पण शब्दशःही ती शहाणपणाची आहे. सोनार टोचायचा तो सोन्याच्या तारेने, आणि तीच तार वळवून बाळी करायचा. ताज्या जखमेला स्पर्श व्हायचा तो सोन्याचा. तार उकळली होती का, हात धुतले होते का, हे प्रश्न त्याला विचारायचे राहून जात, ते आता विचारायला हवेत. मॉलमध्ये बंदुकीने टोचतात तिथे उलट होतं. हातमोजे असतात, स्पिरिट असतं, आणि भोकात बसते ती कुठल्या धातूची कुडी हे कुणी विचारत नाही.

गेल्या महिन्यात भाचीचे कान टोचायचे ठरले तेव्हा मी डॉक्टरांकडे जायचं सुचवलं आणि बावीस कॅरेटच्या साध्या बाळ्या घेऊन गेले. "बंदुकीत बसेल तीच कुडी घालता येते," असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मग सुईने टोचून द्या, म्हटलं. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, बाळ्या निर्जंतुक केल्या आणि टोचून दिले. भाची रडली ती बाळ्या घालून झाल्यावर, आरशात स्वतःला बघून.